हा जरा लावता का?

"हा जरा लावता का? एकच पान आहे."

या वाक्याचा मी धसका घेतला आहे. म्हणणारा माणूस दारात उभा असतो, चेहऱ्यावर निरागस हसू आणि चिमटीत पेन ड्राइव्ह. त्या पेन ड्राइव्हला टोपण नसतं. टोपण नसलेला पेन ड्राइव्ह म्हणजे बराच फिरलेला पेन ड्राइव्ह, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. त्याच्या तोंडाशी खिशातल्या धाग्यांचा बारीक गोळा झालेला असतो, अंगावर ओरखडे असतात आणि कंपनीचं नाव झिजून शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलेली असतात. आजवर तो कुठेकुठे लागला असेल याचा विचारही करवत नाही.

आमच्याकडे प्रिंटर आहे हे आम्ही होऊन कुणाला सांगितलं नव्हतं. पण प्रिंटर ही वस्तू गुपचूप राहणारी नाही. सुरू झाला की आधी तो घसा खाकरतो, मग दात खातो, मग कुणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय असा आवाज काढतो आणि शेवटी एक पान बाहेर टाकतो. वरच्या आणि खालच्या मजल्याला आपोआप कळतं.

आता खरी अडचण कॉम्प्युटरची नाहीच, माणसांची आहे. आलेल्याला "या, बसा" म्हणायचं आणि त्याच्या पेन ड्राइव्हला मात्र उंबऱ्यावर थांबवायचं, याला जी जीभ लागते ती मला मिळालेली नाही. "तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस असेल" हे वाक्य कितीही मधाळ आवाजात म्हटलं तरी समोरच्याला "तुमच्या डोक्यात उवा असतील" असंच ऐकू येतं. एकदा मी "आधी स्कॅन करून घेतो हं" असं म्हणून पाहिलं. समोरचे गृहस्थ दुखावल्या आवाजात म्हणाले, "अहो, आमच्या ऑफिसचा आहे." जणू ऑफिसचा म्हणजे उकळून थंड केलेला.

मी मुळात असा संशयी नव्हतो. मला असा केला तो मेव्हण्याने.

मेव्हणा सहलीहून परतला तो थेट आमच्याकडे. "भावजी, साडेचारशे फोटो आहेत!" त्या क्षणी मला वाटलं, धोका काय तो या साडेचारशे आकड्यातच आहे. पेन ड्राइव्ह लावला, खिडकी उघडली, फोल्डरवर दोनदा क्लिक केलं, फोल्डर उघडला, फोटो दिसले. डोंगर. डोंगर आणि मेव्हणा. डोंगर आणि मेव्हण्याचा अंगठा. सगळं यथासांग पार पडलं, आणि म्हणूनच काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने तिच्या प्रोजेक्टचा पेन ड्राइव्ह लावला आणि आतून हाक मारली, "बाबा, माझ्या फोल्डरांना बाण का आलेत?"

मी जाऊन पाहिलं. फोल्डर जागच्या जागी होते. नावं तीच, पिवळा रंग तोच. फक्त प्रत्येकाच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या चौकोनात, एक इवलासा वाकडा बाण. शॉर्टकटला असतो तो. आकार पाहिला तर प्रत्येक फोल्डर १ केबीचा. मुलीचं वर्षभराचं काम १ केबीत बसवून दाखवलं होतं कुणीतरी.

या व्हायरसची कार्यपद्धती कळल्यावर मला राग यायच्या आधी कौतुकच वाटलं. तो तुमच्या खऱ्या फोल्डरांना हात लावत नाही, त्यांना फक्त लपवतो. मग प्रत्येकाच्या नावाचा एकेक शॉर्टकट पुढे उभा करतो. तुम्ही त्यावर क्लिक केलं की शॉर्टकट आधी व्हायरसला उठवतो आणि लगोलग खरा फोल्डर उघडून देतो. म्हणजे तुमचं काम अडत नाही. चोराने कुलूप तोडावं आणि वर आपल्यालाच दार धरून "या ना, आत या" म्हणावं, तशातला प्रकार. तक्रार करायची तर नेमकी कशाची, हेच कळत नाही.

अँटीव्हायरस होता. नव्हता असं नाही. फक्त त्याची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली होती. रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट येऊन हे मला सांगत होती आणि रोज सकाळी मी फुलीवर क्लिक करून तिला घालवत होतो. पुढेपुढे हात इतका बसला होता की चौकट पुरती वर यायच्या आत गेलेली असायची.

दोन रात्री गेल्या. आधी मी 'लपवलेल्या फाइली दाखवा' यावर खूण केली. तरी काहीच दिसेना. कारण त्या नुसत्या लपवलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर सिस्टिमच्या फाइली असल्याचा शिक्काही मारलेला होता. त्या पाहायला आणखी एक खूण काढावी लागते, आणि ती काढताना विंडोज गंभीर चेहऱ्याने विचारतं, हे धोक्याचं आहे, नक्की ना? मी म्हटलं, बाई गं, ज्याने लपवल्या त्याला विचारलं होतंस का हे? मग फोल्डर दिसले. फिकट, निम्म्या रंगाचे, लांबच्या आजारातून उठल्यासारखे. मला भरून आलं.

त्यांना पूर्ववत करायला काळी खिडकी उघडून ॲट्रिब नावाची आज्ञा टाइप करावी लागते. तिच्यात उणेची चिन्हं, तिरप्या रेघा आणि अक्षरं अशी काही विखुरलेली असतात की टाइप करणाऱ्याला शिंक आली असावी असं वाटावं. तीनदा चुकलो. चौथ्यांदा जमलं. फोल्डर धडधाकट झाले, मी बाण असलेले सगळे शॉर्टकट पुसले आणि हर्षभरित होऊन पेन ड्राइव्ह काढला. मग बायकोला दाखवावं म्हणून परत लावला. दहा सेकंदांत सगळ्यांना पुन्हा बाण. आधी कॉम्प्युटर साफ करायचा असतो आणि मग पेन ड्राइव्ह, हा क्रम मला रात्री दीड वाजता समजला. गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत होतो मी.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "असं कसं होईल भावजी? माझ्याकडे तर नीट चालतो."

मग मी वाचायला लागलो. माझी ही जुनी खोड आहे. पाय घसरून पडलो तर मी उठून गुरुत्वाकर्षणावर वाचत बसतो.

वाचून एक कळलं की यात नवीन काही नाही. इंटरनेट घरात यायच्या कितीतरी आधीपासून व्हायरस पायी हिंडत होते, माणसांच्या खिशातून. १९८२ साली रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ॲपल टू कॉम्प्युटरसाठी 'एल्क क्लोनर' लिहिला. तो मित्रांच्या फ्लॉपींतून पसरायचा आणि त्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर कविता दाखवायचा. कविता ऐकवायला माणसं कोणत्या थराला जातात, ते पाहा. १९८६ साली आयबीएमच्या धर्तीच्या कॉम्प्युटरांसाठी 'ब्रेन' आला. तो लिहिणाऱ्या लाहोरच्या दोन भावांनी व्हायरसच्या आत स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. आताच्या व्हायरसांत ती रीतभात उरलेली नाही. १९८९ साली तर एड्सची माहिती देणारी फ्लॉपी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी लोकांना टपालाने गेल्या. कॉम्प्युटर नव्वदएक वेळा सुरू केला की ती फाइलींची नावं न कळणाऱ्या अक्षरांत बदलून टाकायची आणि पनामातल्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा म्हणायची. खंडणी टपालाने मागायची आणि टपालानेच भरायची. निदान घाई नव्हती.

फ्लॉपीचे दिवस मी पाहिलेत. त्यात एक गंमत होती. मोठ्या, सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची. ती चिकटपट्टीने बंद केली की फ्लॉपी सुरक्षित, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग साडेतीन इंची आली. तिला खिडकी होती. ती उघडी ठेवली की फ्लॉपी सुरक्षित. म्हणजे एकीत भोक बुजवायचं आणि दुसरीत उघडं ठेवायचं. ज्या कुणी हे ठरवलं त्याला माझ्यासारख्यांचा काहीतरी जुना राग असावा. मी ते बरोबर उलटं लक्षात ठेवलं होतं.

आणि ती विसरलेली फ्लॉपी! रात्री काम झालं, फ्लॉपी आतच राहिली. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी फ्लॉपीतून सुरू व्हायला जायचा, खर्र खर्र करायचा आणि काळ्या पडद्यावर सांगायचा, ही सिस्टिमची डिस्क नाही, बदला आणि कुठलंही बटण दाबा. आपण "अरेच्चा" म्हणून फ्लॉपी काढायची, बटण दाबायचं. फ्लॉपीच्या बूट सेक्टरला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना जो भाग सगळ्यात आधी वाचतो त्याला, व्हायरसची बाधा असेल तर त्या "अरेच्चा"च्या आधीच काम झालेलं असायचं. व्हायरस आत, फ्लॉपी बाहेर. या जातीतला मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस दरवर्षी ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, हार्ड डिस्कवर बोळा फिरवायचा. १९९२ साली त्याची एवढी भीती पसरली की कॉम्प्युटरमधली तारीखच पुढे सरकवा, असा सल्ला लोकांना मिळत होता. आदल्या रात्री ५ नंतर थेट ७. वाढदिवस टाळायचा हा उपाय मी स्वतःसाठीही विचारात घेतला आहे.

पुढे सीडी आल्या, आणि त्यांच्याबरोबर विंडोज ९५ चं ऑटोरन. सीडी आत सारली की आतला प्रोग्राम आपणहून सुरू. माणसाला क्लिक करायचे कष्टही नकोत. या सेवेचा लाभ कोण घेणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. २००५ साली तर सोनी बीएमजीच्या विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीच, नक्कल होऊ नये म्हणून, कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर टाकताना सापडल्या. गाणी ऐकायला बसावं आणि गायकाने माळ्यावर जाऊन बिऱ्हाड करावं.

पण माझा आवडता किस्सा त्याआधीचा, २००३ चा. नक्कल रोखणारी अशीच एक सीडी बाजारात आली होती. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीडी घालताना नुसती शिफ्ट की दाबून धरली तर ऑटोरन सुरूच होत नाही आणि सगळं संरक्षण तिथेच बारगळतं. ते सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने त्याच्यावर दावा लावायची धमकी दिली. शिफ्ट की दाबल्याबद्दल! मग बहुधा आपलंच हसं होतंय हे ध्यानात आलं असावं, लगेच माघार घेतली. तेव्हापासून मी कुठलीही सीडी घालताना डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरायचो. करंगळीला कळ लागेपर्यंत. बायकोने विचारलं, "सोडलं तर उडते का ती?"

पेन ड्राइव्ह आले आणि ऑटोरनचा वारसा त्यांच्याकडे गेला. २००८ च्या कॉनफिकरने तर हद्द केली. पेन ड्राइव्ह लावल्यावर काय करू असं विचारणारी जी चौकट येते, तिच्यात त्याने स्वतःची एक ओळ घुसवली, 'फोल्डर उघडून फाइली पाहा'. शेजारी फोल्डरचंच चित्र. खाली हुबेहूब तशीच खरी ओळ. एक उघडली की फाइली, दुसरी उघडली की व्हायरस. त्याच वर्षी अमेरिकेच्या लष्करानेसुद्धा आपल्या कॉम्प्युटरांना पेन ड्राइव्ह लावायला बंदी केली, कारण एका पेन ड्राइव्हने त्यांनाही मामा बनवलं होतं. हे वाचल्यावर मला मेव्हण्याबद्दल किंचित ममत्व वाटलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हचं ऑटोरन काढलं, २०११ मध्ये जुन्या विंडोजमधूनही काढलं. तेव्हा व्हायरसवाल्यांनी क्लिक करायचं काम आमच्याकडे सोपवलं. बाण आले ते असे.

२०१० साली ऑस्ट्रेलियात कॉम्प्युटर सुरक्षेची एक परिषद होती. तिथे आयबीएमने आलेल्यांना भेट म्हणून पेन ड्राइव्ह वाटले. त्यांत व्हायरस निघाले. कंपनीला नंतर सगळ्यांना पत्र लिहून कळवावं लागलं की कृपया आमची भेट वापरू नका. हा किस्सा मी "ऑफिसचा आहे" म्हणणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

तर माझी तटबंदी. ऑटोप्ले, म्हणजे ती 'काय करू' विचारणारी चौकट, बंद केलं. सेटिंगमध्ये एकच खटका आहे, दहा सेकंदांचं काम, मी ते करायला पंधरा वर्षं घेतली. फाइलींची आडनावं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, दिसतील असं केलं, कारण विंडोज ती मुळात लपवतं आणि 'फोटो' नावाच्या, फोल्डरचं चित्र लावलेल्या वस्तूच्या शेवटी डॉट ईएक्सई आहे, म्हणजे तो फोल्डर नसून प्रोग्राम आहे, हे कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. फोल्डरला सहसा आडनाव नसतं, हे मुलीला पाठ करायला लावलं. रोजच्या वापराचं खातं वेगळं काढलं, ज्याला काही इन्स्टॉल करायचा अधिकार नाही. त्यामुळे हल्ली मला माझ्याच कॉम्प्युटरवर माझाच पासवर्ड टाकून माझीच परवानगी मागावी लागते, आणि मी ती बरेचदा नाकारतो. महत्त्वाच्या सगळ्या गोष्टींची प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली. ती कायम जोडून ठेवली तर तिला काही अर्थ नाही. दोघंही एकाच वेळी आजारी पडतील.

अँटीव्हायरसचं नूतनीकरण केलं. मुलीने विचारलं, "तो जागा आहे हे कसं कळणार?" रास्त प्रश्न होता. त्यासाठी आयकार नावाची एक चाचणीची फाइल असते. नुसती ६८ अक्षरं, अगदी निरुपद्रवी, पण सगळ्या अँटीव्हायरसांनी तिला पाहून ओरडायचं असं आपसांत ठरलेलं आहे. मी ती ६८ अक्षरं लिहून फाइल जतन केली, तर लाल चौकट आली, आवाज झाला आणि फाइल गायब. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. बायको आतून धावत आली, "काय गेलं?" म्हणाली. काही गेलं नाही, चाचणी केली म्हटल्यावर ती जे बोलली ते इथे आवश्यक नाही.

स्वतःच्या पेन ड्राइव्हवर मी एक जुनी युक्तीही केली. काय सुरू करायचं हे ऑटोरनला ज्या फाइलीतून कळायचं, त्या ऑटोरन डॉट आयएनएफ याच नावाचा एक रिकामा फोल्डर करून ठेवला. एका जागी एका नावाची फाइल आणि फोल्डर दोन्ही राहू शकत नाहीत, म्हणून व्हायरसला त्या नावाची फाइल टाकता येत नाही. रुमाल टाकून जागा धरणं म्हणतात ते हेच. अर्थात रुमाल उचलून फेकणारेही असतात.

आणि शेवटचा उपाय म्हणजे जुना लॅपटॉप. त्याची बिजागरी तुटली आहे, पडदा मागे पडू नये म्हणून शब्दकोशाचा टेकू लागतो. त्याच्यावरचं विंडोज काढून लिनक्स घातलं, म्हणजे विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस तिथे येऊन नुसते बसून राहतात, त्यांना करण्यासारखं काही नसतं. इंटरनेट तोडलं. त्यावर माझं स्वतःचं एक अक्षर ठेवलं नाही. बाहेरचा कुठलाही पेन ड्राइव्ह आला की आधी तिथे. प्रिंट हवी असेल तर टेबलाखाली शिरायचं, प्रिंटरची वायर मोठ्या कॉम्प्युटरमधून उपटायची आणि लॅपटॉपला आणून जोडायची. एका पानाला पाऊण तास. येणारे कमी झाले. हा उपाय कुठल्याच पुस्तकात नाही, पण सर्वांत परिणामकारक ठरला.

तशात तो जिन्यातला पेन ड्राइव्ह.

आमच्या आणि वरच्या मजल्याच्या मधल्या पायरीवर पडला होता. निळा, लाल दोरा बांधलेला. मी रुमालात धरून घरी आणला. बायको म्हणाली, "कुणाचा तरी पडला असेल. लावून बघ कुणाचा आहे ते."

लावून बघ! मी तिला खुर्चीवर बसवलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेन ड्राइव्ह टाकून ठेवले होते. जवळजवळ सगळे उचलले गेले आणि निदान पंचेचाळीस टक्क्यांमधल्या फाइली लोकांनी लावून उघडल्या. पहिला तर सहा मिनिटांच्या आत. बऱ्याच जणांचा हेतू चांगलाच होता, मालक कोण ते पाहू, परत देऊ. चांगुलपणाचा हा असा फायदा घेतात. मग मी तिला २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलेली करामत सांगितली. पेन ड्राइव्हच्या आतल्या चिपलाच शिकवून ठेवता येतं. मग तो कॉम्प्युटरला सांगतो, "मी कीबोर्ड." कॉम्प्युटर म्हणतो, "या." आणि तो भराभर टाइप करायला लागतो. त्यात फाइलच नाही, त्यामुळे अँटीव्हायरस स्कॅन तरी कशाला करणार?

"झालं?" बायको म्हणाली. "मग खाली चिठ्ठी लाव. सापडला आहे म्हणून."

"म्हणजे टाकणाऱ्याला कळेल, आपण उचलला."

"कुणी टाकला आहे? आणि तुझ्या कॉम्प्युटरवर एवढं काय आहे?"

हा प्रश्न मर्मी लागला. मुलीचे प्रोजेक्ट. साडेचारशे डोंगर. आणि एक वजन कमी करण्याचा तक्ता, जो तिसऱ्या दिवसापासून कोरा आहे.

"ते महत्त्वाचं नाही," मी म्हणालो. पेन ड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटावर लाल शाईने 'लावू नये' असं लिहिलं, खाली दुहेरी रेघ ओढली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. निदान जुन्या लॅपटॉपवर तरी बघ, असं मुलगी म्हणाली. पण विजेचा झटका देऊन अख्खा कॉम्प्युटर जाळणारे पेन ड्राइव्हही निघाले आहेत, आणि त्या लॅपटॉपवर माझा जीव जडला होता.

तीन आठवडे तो खणात होता. या तीन आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाला त्या खणात स्टेपलर शोधायची वारंवार गरज पडली. मुलीच्या मैत्रिणी येऊन पाकीट बघून गेल्या. आणि खरं सांगायचं तर एका रात्री सगळे झोपल्यावर मीही उठलो होतो. तो पाकिटातून काढला, दिव्याखाली धरला, दोरा सरळ केला. यूएसबीच्या खोबणीपासून चार बोटांवर नेला. काय असेल आत? कुणाचं मृत्युपत्र? नकाशे? मग फ्रिज खरखरला आणि मी भानावर आलो. सहा मिनिटांवाल्यांना मी आता हसत नाही.

परवा बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका. हातात कोरा करकरीत पेन ड्राइव्ह, टोपणासकट.

"हा जरा लावता का? एकच पान आहे."

"काका, जरा तपासून घ्यावा लागेल," मी म्हणालो. टोपण पाहून धीर आला होता.

"घ्या की. नवीनच आहे. भाच्याकडे बसून टाइप करून आणलंय."

भाच्याकडे! म्हणजे भाच्याच्या कॉम्प्युटरला लागून आलाय. मी शब्दकोश काढला, लॅपटॉप टेकवला, सुरू केला. पडद्यावर ठिपके गोल फिरायला लागले. काका ते बघत बसले. मी टेबलाखाली शिरलो.

"बिघडलाय का?" वरून आवाज आला.

"नाही, सुरू होतोय."

"मी गुडघ्याचं ऑपरेशन केलं, त्याला एवढा वेळ नाही लागला."

वायर ओढून, डोकं आपटून, मी बाहेर आलो. पेन ड्राइव्ह लावला. एकच फाइल होती. आडनाव बघितलं, साधं होतं. बाण नव्हता. उघडली. मोठ्या ठळक अक्षरांत पान भरून मजकूर होता:

'हरवला आहे. निळ्या रंगाचा पेन ड्राइव्ह. लाल दोरा बांधलेला. जिन्यात पडला असण्याची शक्यता. सापडल्यास वरच्या मजल्यावर आणून द्यावा.'

मी तो दोनदा वाचला. पाठीमागे बायको येऊन उभी होती, तिने एकदाच वाचला. एक शब्द न बोलता तिने खण उघडला आणि पाकीट काकांच्या हातात ठेवलं.

काकांनी पाकीट डोळ्यांजवळ धरलं. "'लावू नये'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

मी कॉम्प्युटर सुरक्षेच्या इतिहासात शिरणार होतो, पण सुरुवात फ्लॉपीपासून करावी की थेट इलिनॉयपासून, हे ठरेना.

"त्या दिवशी तुमच्याकडेच निघालो होतो," काका पेन ड्राइव्ह काढत म्हणाले. "एक पान काढायचं होतं. दारात आलो तर खिशात नाही. घरभर शोधला हो तीन आठवडे." त्यांनी त्याच्या तोंडाशी अडकलेला धाग्यांचा गोळा नखाने काढला, वर एक जोरात फुंकर मारली.

"नोटीस नको आता," मी घाईघाईने म्हणालो. पण मुलीने केव्हाच आज्ञा दिली होती. प्रिंटरने घसा खाकरला, दात खाल्ले, कपाट सरकवलं आणि 'हरवला आहे' बाहेर टाकलं.

काकांनी ते पान उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी नीट सरळ केली, प्रिंटरजवळ ठेवली आणि निळा पेन ड्राइव्ह माझ्यापुढे धरला.

"पाठकोऱ्यावर चालेल. हा जरा लावता का?"